टोचणीबाईची बोटं

ताटातली अर्धी मसूर निवडून झाली होती आणि अर्धी उरली होती, तेव्हा ताई आली. सोमवारचे सकाळचे आठ वाजले होते. तिला दारात पाहून पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की आज तर तिसरा दिवस, मग ही इथे कशी?

ताई माझी थोरली बहीण. गेली छत्तीस वर्षं ती पशुखात्यात आहे. गुरांना क्षयाची लागण झाली आहे का, हे कातडीत टोचून बघायचं तिचं काम. गोठेवाले तिला टोचणीबाई म्हणतात. आमचे हे तिला साहेब म्हणतात, आणि ती आली की पेपर बाजूला ठेवून सरळ बसतात. माझ्यासाठी ते पेपर कधी ठेवत नाहीत, पानाच्या वरून बोलतात.

तिच्या कामाची रीत मला पाठ आहे, कारण छत्तीस वर्षं मी ती कान देऊन ऐकली आहे आणि ऐकत नाही असं दाखवलं आहे. गाईची शेपटी उचलली की मुळाशी दोन्ही बाजूंना कातडीची एकेक पातळ, बिनकेसांची घडी दिसते. डाव्या घडीत, कातडीच्या आतल्या आत, थेंबाहून कमी औषध टोचायचं. ते क्षयाच्या मारलेल्या जंतूंपासून काढलेलं असतं, त्यानं रोग होत नाही. पण ज्या गाईच्या अंगात तो जंतू आधीच शिरलेला असतो, तिचं अंग त्याला ओळखतं आणि त्या जागी गाठ धरतं. बहात्तर तासांनी जाऊन ती घडी दोन बोटांच्या चिमटीत धरायची, मग उजवी धरायची, आणि डावीत काही जास्तीचं लागतंय का ते बघायचं. याला ते लोक 'वाचणं' म्हणतात. सहा तास अलीकडे-पलीकडे चालतं, त्याहून जास्त नाही. शुक्रवारी टोचलं की सोमवारी वाचायचं. मधे लग्न असो, मयत असो, ताई गोठ्यात.

एकदा तिला बघायला मंडळी आली ती नेमकी तिसऱ्या दिवशी. चांगलं स्थळ होतं. ताई चहाच्या आधीच उठली, म्हणाली, "मी सहा गाई वाचून येते, तुम्ही बसा." ते बसले नाहीत. पुढे कोणी विचारलं की ती म्हणायची, "मला बहात्तर तास थांबणारा माणूस हवा होता. मिळाला नाही." लोक हसायचे. मीही हसायचे, पण मला तेव्हाही वाटायचं, स्थळ गेल्याचं दुःख करायचं सोडून हिला त्याचा विनोद करता येतो, आणि मी मिळालेल्या स्थळात बसून साधी कढी उतू गेली तरी दिवसभर तोंड पाडून असते.

माझ्या बाळंतपणातही ती तिसऱ्या दिवशी आली. "पहिल्या दिवशी सगळंच लाल असतं," म्हणाली. "लाल मोजायचं नसतं. खाली घट्ट काय राहतं ते मोजायचं." आमचं भांडण झालं तरी ती तिसऱ्या दिवशीच यायची, सूज उरली आहे का बघायला. माझी उरलेली असायचीच. ती मी पदराआड करायचे आणि चहा टाकायचे.

तर त्या सोमवारी ती आली, बॅग खांद्यावर, पायात रबरी बूट. बूट काढून माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि मसुरीचं ताट पुढे ओढलं.

"मी डोळे मिटते," म्हणाली. "तू यात एक खडा टाक."

"हा काय पोरखेळ?"

"टाक गं, धाकटे."

निवडून ठेवलेल्यातला एक खडा मी परत ताटात टाकला. तिनं डोळे मिटले आणि बोटांनी मसूर चाळवायला लागली. पुष्कळ वेळ चाळवली. शेवटी एक दाणा चिमटीत धरून माझ्यापुढे केला.

"हा?"

"ती मसूर आहे, ताई."

तिनं डोळे उघडले. दाणा पाहिला आणि परत ताटात सोडला.

"साखरेनं बोटांची टोकं मारली," ती म्हणाली. "टोचणं जमतं, त्याची हाताला सवय आहे. वाचताना काही लागत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"मग वर्षभर वाचत काय होतीस?"

"बघत होते. मोठी गाठ डोळ्यांना दिसते." तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. "लहान दिसत नाही."

मला आनंद झाला. या वहीत खोटं लिहायचं नाही असं मी देवापुढे ठरवलं आहे, म्हणून लिहिते. आधी आनंद झाला, मग त्याची लाज वाटली, आणि मग वाईट वाटलं. याच क्रमानं.

"तू चल माझ्याबरोबर," ताई म्हणाली. "सात गोठे, एकतीस गाई. तू चिमटीत धर, मी लिहिते. तीन महिने राहिलेत मला नोकरीतून सुटायला. तेवढे निभावून ने."

आतून यांचा आवाज आला, "जा, जा. आज घरात दोन साहेब. मसूर मी निवडतो."

ती मसूर आज सातव्या दिवशीही तशीच आहे.

ताई मलाच का म्हणाली, ते सांगायला मागे जायला हवं. आम्ही दोघी विशी-बाविशीतल्या असताना पशुखात्यानं पहिल्यांदाच बायकांची भरती काढली. वडिलांनी अर्ज आणला तो एकच. बोटांची परीक्षा व्हायची: कोऱ्या कागदांच्या चळतीखाली एक केस ठेवायचे आणि वरून बोट फिरवून तो कुठे आहे ते सांगायचं. घरी आम्ही दोघींनी सराव केला. आईचा लांब केस, वडिलांचे हिशेबाचे कागद. ताईला चार कागदांखालचा केस लागायचा. मला सातांखालचा. आठव्याला तर मी पैज लावली होती आणि जिंकली होती. आई म्हणाली, "धाकटीची बोटं वरून आलेली आहेत." वडील म्हणाले, "असतील. पण मोठी आधी."

अर्जावर ताईचं नाव गेलं. परीक्षेत पाच कागद होते. ती बोट फिरवून म्हणाली, "नाही लागला." बाकीच्या सगळ्या मुलींनी अंदाजानं कुठेतरी बोट ठेवलं होतं. आणि घेतलं ताईलाच. साहेब म्हणाले म्हणे, आम्हाला नाही लागलं म्हणणारा माणूस हवा, गाठ नसताना गाठ सांगणारे पुष्कळ आहेत. ताईनं हे घरी हसत हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. ज्याला लागत नाही त्याला नोकरी, आणि जिला सातांखालचं लागतं तिनं भाकऱ्या थापाव्यात, हा कुठला न्याय?

पुढे माझं लग्न झालं. बोटं कामाला आलीच. दळणातला कण, पोरांच्या केसांतली लीख, माशाचा काटा, शिवणीतली तुटकी सुई, सगळं माझ्या बोटांना आधी कळतं आणि डोळ्यांना मागून. त्याचं कोणाला काय? माझी मुलगी शाळेत 'मला कोण व्हायचंय' या निबंधात मावशीवर दोन पानं लिहून आली. त्यात एक ओळ माझ्यावर होती: आई घरी असते.

तेव्हापासून रोज या वहीच्या पहिल्या ओळीत देवाचं नाव लिहिते आणि दुसऱ्या ओळीत लिहिते, हा मत्सर माझ्यातून काढ. वह्यांची एक पेटी भरली. देवानं ऐकलं नाही असं मी म्हणणार नाही. ऐकून बाजूला ठेवलं असेल.

तर सोमवारी मी निघाले. बूट ताईचे जुने, माझ्या पायाला एक अंगठा मोठे. अंगावर तिचाच दुसरा कोट. पहिल्या गोठ्यात मी शेपटीला हात लावला आणि गाईनं ती माझ्या तोंडावर मारली.

"आधी विचार तिला," ताई म्हणाली.

"काय विचारू? बाई, परवानगी आहे का?"

"हो. तसंच."

तसंच विचारलं. ताई म्हणाली पाठीवरून हात फिरवत ये, एकदम मागून जाऊ नकोस, पाय कुठे आहे ते बघ. मग मी शेपटी उचलली, डावी घडी धरली, उजवी धरली. दोन्ही सारख्या, ओल्या कापडाच्या दुहेरी काठासारख्या. "नाही," मी म्हणाले. ताईनं लिहिलं. दुसरी. नाही. तिसरीच्या डाव्या घडीत काहीतरी बारीक लागलं, पण ते वर सालपटावर होतं, गोचिडीची खपली. "खपली आहे," मी म्हणाले, आणि ताई म्हणाली, "बरोबर."

बरोबर. छत्तीस वर्षांत माझ्या कुठल्या कामाला कोणी बरोबर म्हणालं असेल तर मला आठवत नाही. चांगलं झालंय म्हणतात, छान लागतंय म्हणतात. बरोबर म्हणत नाहीत. पुढच्या गोठ्यांत मी पुढे आणि ताई मागे अशा चाललो. मला वाटायला लागलं होतं की हा कोट माझ्याच मापाचा आहे.

सातवा गोठा गवळीणबाईंचा. आमच्याही घरी दूध त्यांचंच येतं. पाच गाई, त्यातली ठिपकी त्यांची लाडकी. गवळीणबाई दारात उभ्या होत्या, चार वर्षांची नात त्यांना बिलगून.

"आज दोन दोन टोचणीबाई," त्या म्हणाल्या. "सरकारचं बरं चाललंय."

"ही माझी धाकटी बहीण. मदतीला आणली," ताई म्हणाली.

गवळीणबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "धाकटी? मला थोरली वाटली."

ताई खाली मान घालून हसली. मी कोटाची बटणं लावली.

चार गाई झाल्या. चारही नाही. ठिपकी शेवटी. गवळीणबाई तिच्या कपाळावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि सांगत होत्या की नात हिचंच दूध पिते, पेला धरते तो थेट धारेखाली, धारोष्ण, तापवलेलं दिलं तर तोंड फिरवते. मी डावी घडी धरली. काठापासून अर्धं बोट आत मसुरीच्या दाण्याएवढं काहीतरी माझ्या चिमटीखालून सरकलं.

सोडून दिलं. परत धरलं. होतं.

ही गाय सहा महिन्यांपूर्वी ताईनं वाचली होती आणि स्वच्छ लिहिली होती, हे मला ताईच्या वहीत आत्ताच दिसलं होतं. छत्तीस वर्षं मी हिच्या कामात एक डाग निघावा म्हणून वाट पाहिली. देवापुढे बसून पाहिली. आणि तो आता माझ्या दोन बोटांत होता. मग मला प्रश्न पडला, की तो आहे म्हणून लागतोय, की मला हवाय म्हणून लागतोय? सात कागदांखालचा केस ओळखणाऱ्या बोटांवर माझा पहिल्यांदाच विश्वास बसेना. मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आणि म्हणाले, नसेल तर नाही म्हणायची बुद्धी दे. उजवी घडी धरली. सपाट. डावी धरली. दाणा. हात कोटाला पुसले, पाण्यानं धुतले, परत धरली. दाणा तिथेच होता, घट्ट, कातडीच्या आत, वर खपली नाही, काही नाही.

"ताई, जरा इकडे ये."

ती आली. मी तिची बोटं धरून त्या जागेवर ठेवली. ती दाबत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"मला नाही लागत," ती हळूच म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. "तुला लागते?"

"लागते."

"नक्की?"

"नक्की."

ताईनं मान हलवली, पेन्सिल काढली आणि लिहिलं. बस, एवढंच. एका शब्दावर तिनं माझं खरं मानलं. तिच्या जागी मी असते तर मानलं नसतं. मी म्हणाले असते, हिला माझं बरं बघवत नाही, म्हणून हिला गाठी दिसतात. हे तिच्या मनातही आलं नाही. मला त्याचाही हेवा वाटला.

"गवळीणबाई," ताई म्हणाली, "ठिपकीचं दूध आजपासून कोणाला द्यायचं नाही. बाकीच्यांचं उकळी आल्याशिवाय नातीला थेंब नाही."

"का? गेल्या खेपेला तर स्वच्छ लिहिलंत."

"लिहिलं होतं."

एवढं बोलून ती अंगणात गेली आणि खात्याच्या डॉक्टरांना फोन लावला. मी मागोमाग गेले. ती फोनवर म्हणाली, "डॉक्टर, माझ्या बोटांची जाणीव गेलीय. वर्ष झालं. आजच्या एकतीस गाई माझ्या बहिणीनं वाचल्यात, तिला तसा अधिकार नाही. एकीला गाठ आहे. शुक्रवारी नऊला टोचायला सुरुवात केली होती, म्हणजे पहिल्या गोठ्याला तीनपर्यंतच वेळ आहे. तुम्ही येऊन सगळ्या पुन्हा वाचा."

फोन ठेवल्यावर मी तिला म्हणाले, "अगं, नुसती गाठ सांगायचीस. बोटांचं कशाला बोललीस? तीन महिने तर राहिले होते. सकाळी तूच म्हणालीस निभावून ने."

"सकाळी म्हणाले. सकाळी गाठ कुठे सापडली होती?"

"म्हणून काय सगळ्या गावाला सांगायचं?"

"मग वर्षभर मी डोळ्यांनी वाचलेले गोठे परत कोण वाचणार? तू एकेक करून चोरून?" ती बुटावरचं शेण दगडाला पुसायला लागली. "पाच कागदांच्या वेळी नाही लागला म्हणाले तर जमलं. या वर्षात एकदा म्हणायला हवं होतं, तर जमलं नाही."

डॉक्टर दुपारी सव्वा वाजता आले, तरुण, घामाघूम. पहिल्या गोठ्यापासून सुरुवात करून तीनच्या ठोक्याआत एकतीस गाई त्यांनी स्वतः वाचल्या. ठिपकीची गाठ त्यांना लागली. गोचिडीच्या खपलीशी थोडे अडखळले, मग म्हणाले, खपली आहे. शेवटी माझ्याकडे वळले.

"बाई, तुम्ही हे शिकलात कुठे?"

"मसूर निवडताना," मी म्हणाले. ते हसले.

ताई हसली नाही. म्हणाली, "घरात बोटं हिचीच होती, डॉक्टर. अर्ज माझा गेला, एवढंच."

छत्तीस वर्षं जी गोष्ट मी उराशी धरून होते, दुसऱ्या कोणी तिला हात लावू नये म्हणून जपत होते, ती हिनं गोठ्याच्या दारात उभं राहून एका वाक्यात देऊन टाकली. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे वाक्यही हिलाच आधी सुचलं.

शेपटीची गाठ म्हणजे शेवटचा निकाल नव्हे. मातीतल्या निरुपद्रवी जंतूंमुळे किंवा पक्ष्यांच्या क्षयामुळेही कधी गाठ धरते. म्हणून दहा दिवसांच्या आत मानेवर दुसरी परीक्षा घेतात. बुधवारी डॉक्टरांनी ठिपकीच्या मानेवरचे केस दोन जागी भादरले, कातडीची घडी मापकात धरून जाडी लिहिली, आठ मिलिमीटर, आणि वरच्या जागी पक्ष्यांच्या क्षयाचं व खालच्या जागी गाईंच्या क्षयाचं औषध टोचलं. कुठली किती सुजते यापेक्षा दोन सुजींतला फरक बघायचा. मी बाजूला उभी होते. ताईला आता गोठ्यात हात लावायची परवानगी नव्हती, तीही बाजूला उभी होती. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही दोघी एका कामाच्या बाहेर शेजारी शेजारी उभ्या होतो.

त्याच दिवशी दवाखान्यातल्या सिस्टरबाई आल्या आणि ओसरीवर बसून त्यांनी माणसांचे हात घेतले. गवळीणबाई, त्यांचा मुलगा, सून, नात, आणि दूध त्यांचंच येतं म्हणून स्वतःहून हात पुढे केलेली मी. माणसाला शेपटी नाही, म्हणून हाताच्या आतली बाजू, मनगट आणि कोपराच्या मधे. सुई जवळजवळ आडवी, कातडीच्या आतल्या आत, आणि औषध शिरलं की मुगाएवढा पांढरा फोड वर यायला हवा. नाही आला तर खोल गेलं, परत टोचायचं. नात ओठ मुडपून बघत राहिली. रडली ती सून.

"चोळू नका, खाजवू नका, वर काही लावू नका," सिस्टरबाई म्हणाल्या. "शनिवारी येते."

दुसऱ्या दिवशी माझा हात लाल झाला. मी शिवणाची टेप लावून मोजला. दोन बोटं रुंद लाल. मी देवापुढे बसले आणि हिशेब मांडला, की ताईच्या चुकीचं हे दूध माझ्या घरात आलं, आणि आता भोगणार मी. दूध माझ्या घरी रोज उकळतं हे तेव्हा आठवलं नाही. त्या दिवशी मी नातवंडांना जवळ घेतलं नाही, पेलाही वेगळा ठेवला. ताईनं फोन केला तर उचलला नाही.

शनिवारी सगळे गवळीणबाईंच्या ओसरीवर. डॉक्टरांनी आधी ठिपकी वाचली. वरची जागा दहा मिलिमीटर, खालची एकोणीस. त्यांनी दोनदा मापून मान हलवली. पक्की लागण. खात्याची गाडी येऊन तिला घेऊन जाणार.

मग सिस्टरबाईंनी हात वाचले. त्यांची रीत बघण्यासारखी. आधी बोटानं चाचपतात, मग साधं बॉलपेन घेऊन बाहेरून गाठीकडे कातडीवरून सरकवत नेतात. गाठीचा काठ आला की पेन अडतं. दुसऱ्या बाजूनंही तसंच. दोन रेघांमधलं अंतर पट्टीनं मोजायचं. माझ्या हातावरून पेन बर्फावरून गेल्यासारखं आरपार गेलं.

"शून्य," त्या म्हणाल्या.

"एवढं लाल आहे की."

"लाल मोजत नाहीत, काकू."

ताई माझ्यामागे उभी होती. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मुलगा शून्य. सुनेचं चार, म्हणजे काळजी नाही. गवळीणबाईंचं अकरा, सिस्टरबाई म्हणाल्या, तुमच्या वयात ते कधीचं जुनंही असेल. नातीच्या हातावर पेन दोन्हीकडून लवकर अडलं. चौदा. सिस्टरबाईंनी मुलीला मांडीवर घेऊनच सगळ्यांना समजावून सांगितलं, की याचा अर्थ जंतूशी गाठ पडली एवढाच, आजार आहे का ते छातीच्या फोटोवरून कळेल, आणि काही निघालं तरी औषधं आहेत, काही महिने नेमानं घ्यायची, पोर खेळत राहील.

गवळीणबाईंनी सगळं ऐकलं. मग उठून ताईसमोर उभ्या राहिल्या.

"सहा महिन्यांपूर्वी शेपटी उचलून काय बघत होतीस, टोचणीबाई? वासरू का?"

"दिसत नव्हतं मला," ताई म्हणाली. "बोटांना लागत नव्हतं. मी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही."

"आणि माझी गाय? आणि ही?" त्यांनी नातीकडे हात केला.

"चूक माझी आहे."

"चूक म्हणे. तुझ्या लिहिण्यावर मी पोरीच्या हातात पेला दिला. तुझ्या लिहिण्यावर."

ताई उभी राहिली. पदर सावरला नाही, डोळे पुसले नाहीत, मला आजार होता असं म्हणाली नाही. गवळीणबाई बोलत होत्या तोपर्यंत ऐकत राहिली. मी तिच्या बाजूला होते, आणि हे ऐकायला मी छत्तीस वर्षं थांबले होते. ऐकलं. गोड काही लागलं नाही. आणि तरी मनात खोल कुठेतरी एवढंसं आलंच, की शिव्या द्यायलाही लोकांना हीच लागते. मला कोणी एवढ्या विश्वासानं शिव्या देणार नाही.

मग मी न ठरवता पुढे झाले आणि ताईचा हात धरला. बोटं थंड होती. मी चिमटीत तिच्या तर्जनीचं टोक धरून दाबलं, जोरात. तिला कळलं नाही. ती गवळीणबाईंकडेच बघत होती.

परतताना वाटेत ताई म्हणाली, "वर्षभराचे गोठे डॉक्टर पुन्हा वाचणार आहेत. मला यादी करून द्यायचीय. माझं अक्षरही हल्ली वाकडं येतं. तू लिहिशील?"

"लिहीन."

"आणि त्यांनी विचारलंय, तुझी बहीण खात्यात मदतनीस म्हणून येईल का. रोजाची. मी म्हटलं, तिलाच विचारा."

"तू मधे कशाला पडलीस?"

"पडले नाही. तिलाच विचारा म्हटलं."

उत्तर तीन दिवसांनी देईन, मी म्हणाले. ताई हसली, त्या अख्ख्या दिवसात एकदाच.

आज रविवार. सकाळी यादीचे चौतीस गोठे लिहून झाले, बाकी ताईला आठवतील तसे. आजच्या पानावर देवाचं नाव लिहिलं आणि दुसऱ्या ओळीला थांबले. ती ओळ लिहिलीच. अजून लागते.

मसुरीचं ताट ओट्यावर आहे. यांनी चार खडे काढून शेजारी ठेवलेत, त्यातले दोन मसुरीचे दाणे आहेत. ते संध्याकाळी बघेन. गवळीणबाईंच्या नातीचा छातीचा फोटो उद्या नऊ वाजता मोठ्या दवाखान्यात आहे, त्यांची सून घाबरलीय, तिच्याबरोबर ताई जाणार आहे, आणि साखरेचे डॉक्टर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर बसतात. ताई तिथे वर्षभर गेलेली नाही. साडेआठला तिच्या दारात उभं राहून तिला घेऊन मला तिथे जायचं आहे.